बटण बंद होतं

१

बटण बंद होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी हे तीन शब्द ऐकून घ्यायला धामणवाडीत एकाही शहाण्याला फुरसत नव्हती.

चौसष्ट सालची गोष्ट. मी प्रेमला, तुळजापूरच्या एका कारकुनाची मुलगी. सरकारनं ग्रामसेविका म्हणून मला अणदूरपासून दीड कोसावरच्या या गावात धाडलेलं. बायकांना शिवण शिकवायचं, बिनधुराची चूल मांडून दाखवायची, बाळंतिणीच्या खोलीत उजेड येऊ द्या म्हणून घसा कोरडा करायचा, हे माझं काम. सरकारी शिलाई मशीन धुरपदाबाईंच्या घरी ठेवलं होतं. गावात वीज येऊन दोन वर्षं झाली तरी ओसरीपलीकडं माजघरातही दिवा असलेली घरं मोजकीच होती, त्यातलं ते एक. मशीनवर धुरपदाबाईंच्या दोन्ही सुना बसायच्या. थोरली मथुराबाई, तिचा नवरा वारलेला. धाकटी सुंद्रा, बब्रुवानची बायको, बावीस वर्षांची. एकदा दाखवलेली गोष्ट तिला दुसऱ्यांदा सांगावी लागायची नाही.

पौषातल्या त्या दिवशी मी शेजारच्या वाडीवरून दुपारी परतले, तेव्हा सुंद्रा माजघरात चादरीखाली होती. ओसरीवर बाबूराव जमादार चहा पीत होते आणि खांबाला टेकून मथुराबाई बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोन शिपाई, जशी काही ती भिंतीवरून उडी मारून पळणार होती.

जमादारांनी मला सगळं सांगितलं ते असं, की आता यात विचार करण्यासारखं काही उरलेलंच नाही. सकाळी दोघी जावांची मशीनवर आधी कोण बसणार यावरून बोलाचाली झाली, ती सगळ्या आळीनं ऐकली. मग सुंद्रा दिवा काढून पुसायला लागली. बटणापाशी मथुराबाई उभी. सुंद्रानं होल्डरमधली जाळी-जळमटं ओल्या फडक्यानं पुसायला हात घातला आणि ती जागच्या जागी गेली. बटण चालू केल्याशिवाय वीज येत नाही. बटणापाशी एकच बाई होती. आता दोनात दोन मिळवायला काय कलेक्टर लागतो का, असं त्यांनी मलाच विचारलं.

त्यांच्या शेजारी वीज कचेरीचे सुपरवायझर अंबादासराव बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यांनी उठून बटणाचं झाकण काढून मला दाखवलं. लाल तार बटणात आलेली, काळी तार सरळ दिव्याकडं गेलेली. नियमाप्रमाणं लाल तारेतून वीज येते, बटण तिलाच तोडतं, म्हणजे बटण बंद असताना होल्डरमध्ये वीज असणं अशक्य, असं त्यांनी शाळेतल्या मास्तरासारखं समजावलं. वर त्यांच्या वहीतलं पानही दाखवलं. चंपाषष्ठीच्या तारखेखाली सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: गावातली लाईन तपासली, ठीक. खाली लफ्फेदार सही.

येता येता आळीत ऐकलं होतं, म्हणून मी म्हणाले, लोक धावत आले तेव्हा तर बटण बंदच होतं ना. जमादार हसले. मग तर झालंच, म्हणाले, हिनंच चालू केलं आणि हिनंच परत बंद केलं. रात्री तिला चावडीवर ठेवून उद्या सकाळी अकराच्या एस्टीनं तुळजापूरला नेणार होते.

मथुराबाईनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी हळू बोलली.

"बाई, तुमीच शिकवलं व्हतं आमाला. दिव्याला हात लावायच्या आधी बटन बंद. सुंद्रा म्हनली, अक्का, बंद करा. म्या बंद केलं."

शिकवलं होतं. मीच शिकवलं होतं. याच माजघरात बाराजणींकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं.

२

रडत बसायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर मला रडू येत नव्हतं, राग येत होता. माझं शिकवणं चुकीचं असेल तर मला कळायला हवं होतं. चुकीचं नसेल तर एक बाई मेली होती आणि दुसरी खोटं बोलत नव्हती, तरी तिला बेड्या पडणार होत्या.

आधी मी माजघर बघितलं. जमीन त्याच सकाळी सारवलेली, अजून ओलसर होती. सुंद्रा अनवाणी होती. दिवा मशीनवर खाली लोंबता सोडलेला, हात वर केला की पुरायचा. काढलेला दिवा मशीनच्या पाटावर तसाच होता, अर्धा पुसलेला, अर्धा धुरकट. बटण दाराच्या चौकटीला. एका बटणावर दोन दिवे होते, एक माजघरातला आणि एक बाहेर ओसरीवरचा. वायरिंग करणाऱ्यानं दुसरं बटण बसवायचा कंटाळा केला असावा.

धुरपदाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांना काही विचारायची सोय नव्हती, त्याच बोलत सुटल्या. थोरलीचा पायगुणच वाईट, आधी माझा लेक गिळला, आता धाकटी गिळली. मी विचारलं, बटणाचा आवाज ऐकला का. ऐकला, म्हणाल्या, खट्‌ असा एकदा. पुन्हा? पुन्हा म्हातारीनं कशाला कान देऊन बसायचं, त्यांना काय ठाऊक असं होणार आहे म्हणून. माझ्यापुरतं एवढं पुरे होतं. एकदा खट्‌. चालू करून परत बंद करायला आणखी दोनदा वाजायला हवं होतं. पण म्हातारीचे कान, आणि तेही चुलीपुढं. जमादारांनी ते एका फुंकरीनं उडवून लावलं असतं.

बब्रुवान ओसरीच्या कडेला उभा होता, खंडोबाच्या काठीला धरून. काठीचा मान या घराकडं होता. चाळीस हात उंच कळक, टोकाला निशाण, आणि निशाणाखाली दोरीचे सात वेढे, दोरीचं शेपूट वर खोचलेलं. मागं मी एकदा विचारलं होतं की शेपूट वर का, तेव्हा बब्रुवान म्हणाला होता की देवाची गाठ भुईकडं तोंड करत नाही. ही काठी चंपाषष्ठीला गावातून मिरवते आणि देवळात शिरेपर्यंत वाकत नाही. वीज आली त्या साली चौकात रस्त्यावरून गेलेल्या दोन तारा आडव्या आल्या. कचेरीचं म्हणणं, काठी थोडी तिरपी करा. गावाचं म्हणणं, देवाची काठी सायबाम्होरं वाकत न्हाय. शेवटी ठरलं की काठी यायच्या आधी वीज बंद करून तारा सोडायच्या आणि काठी गेली की परत बांधायच्या.

मी बब्रुवानला मथुराबाईबद्दल विचारलं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, तिला फाशी व्हाया पायजे. त्याचे डोळे रडून सुजले होते. त्याच्यावर मला रागवता आलं नाही.

तिथंच उभी राहून मी आठवत होते. दिवाळीच्या आधी याच सुंद्रानं माझ्या देखत हाच दिवा असाच काढून पुसला होता. बटण बंद, पाय अनवाणी, जमीन सारवलेली, फडकं ओलं. तिला काहीही झालं नव्हतं. पुसून झाल्यावर हसून म्हणाली होती, बघा बाई, चांदोबा दिसाय लागला. दिवाळीत काही झालं नाही आणि पौषात ती मेली.

निघता निघता ओसरीवर माझ्या पायाला काहीतरी टोचलं. लहान मुलीचं अर्धवट शिवलेलं पोलकं पडलं होतं आणि त्यात एक सुई. सुईत दोरा ओवलेला नव्हता. दोऱ्याचं टोक थुंकी लावून टोकदार केलेलं, तसंच शेजारी लोंबत होतं. सुंद्रा मेली त्या क्षणाला दिव्याखाली बसून कुणीतरी सुई ओवत होतं, आणि जमादारांच्या पंचनाम्यात लिहिलं होतं की ओसरीवर कुणी नव्हतं.

३

पोलकं बानूबाईचं होतं. बानूबाई म्हणजे गावाच्या कडेला राहणारी धनगरीण, नातीच्या पोलक्याला सुंद्राकडून काज-बटण करून घ्यायला सकाळीच येऊन बसलेली. मी तिला मेंढरांच्या वाड्यापाशी गाठलं. ओरडा ऐकून तीच पहिली धावली होती, आणि रानातून माणसं बोलवायला तीच पळाली होती. माणसं आली, जमादार आले, पंच बसले, आणि तिला कुणी ओसरीची पायरीसुद्धा चढू दिली नाही.

मी म्हणाले, सगळं सांग, अगदी बारीकसारीक. तिनं सांगितलं. आभाळ आलेलं होतं, ओसरीपुढं कडब्याचा मांडव, त्यामुळं दिव्याखाली बसूनच सुई ओवावी लागत होती. दोरा भोकापाशी आला आणि खट्‌ झालं आणि दिवा गेला. ती आत ओरडली की अगं, दिवा का घालवला. मथुराबाईनं आतून सांगितलं, दम धरा, सुंद्रा दिवा पुसतीया.

"मग म्या दिव्याकडं बघत बसले की," बानूबाई म्हणाली. "कवा लागतोय, कवा लागतोय. सुई हातात. बघता बघता आत धपकन वाजलं. दिवा काय लागलाच न्हाय, बाई. माझी नजर दिव्यावरच व्हती."

मी तिला तीन वेळा विचारलं. क्षणभर लुकलुकला का? नाही. तिन्ही वेळा एकच उत्तर. एका बटणावर दोन दिवे. मथुराबाईनं बटण चालू केलं असतं तर ओसरीचा दिवा लागायलाच हवा होता, आणि त्याच्याखाली बसलेली बाई त्याच्याकडं टक लावून बघत होती. यापेक्षा चांगला साक्षीदार जमादारांना तुळजापूरच्या कोर्टातसुद्धा मिळाला नसता.

हे तू जमादारांना का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"मला कुनी इचारलंच न्हाय," ती म्हणाली.

मी तिला हाताला धरून ओसरीवर आणलं. जमादारांनी ऐकून घेतलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं. अंबादासराव म्हणाले की दिवसाउजेडी दिवा क्षणभर लागला काय आणि न लागला काय, या म्हातारीला काय समजणार. शिवाय वीज ही शास्त्राची गोष्ट आहे, मेंढरं राखण्याची नाही. लाल तार बटणात आहे ही गोष्ट साक्षीनं बदलत नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसाउजेडी दिसत नाही म्हणे. तिला उजेड नव्हता म्हणूनच ती दिव्याखाली बसली होती, एवढं साधं गणित या दोन पेनांच्या माणसाला सुटत नव्हतं, का सोडवायचं नव्हतं? पण त्याचं एक बोलणं खरं होतं आणि तेच मला टोचत होतं. बटण बंद होतं हे मला पटलं. मग वीज आली कुठून?

४

गावात विजेचं खरोखर समजणारा एकच माणूस होता, आणि तो कचेरीतला नव्हता. वीरप्पा सोलापूरच्या एका गिरणीत तीस वर्षं वायरमन होते. डोळे अधू झाले म्हणून गावी येऊन राहिले होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्यांच्या दारात उभी राहिले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लाल तारेपाशी आल्यावर हात वर केला.

"बाई, लाल रंग तारेच्या रबराला असतोय. विजेला रंग नसतोय."

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. खांबावरून घरात दोन तारा येतात. एकीतून वीज येते, तिला हात लावला की माणूस जातो. दुसरीतून ती परत जाते. बटण म्हणजे दाराची कडी, आणि ती येणाऱ्या तारेवरच पाहिजे. कडी लावली की चोर बाहेर. पण बटण परत जाणाऱ्या तारेवर आलं तर? बटण बंद केल्यावर दिवा तर विझतोच, कारण विजेची परतीची वाट तुटते. बघणाऱ्याला वाटतं, कडी लागली. पण चोर आतच बसलेला असतो, होल्डरमध्ये, बोट लागायची वाट बघत. आणि दिवा दोन्ही प्रकारांत सारखाच जळतो. त्यामुळं कुणाला कधी कळत नाही.

त्यांनी ट्रंकेतून एक होल्डर काढला, त्यात दिवा, त्याला दोन लांब तारा. एका तारेचं टोक एका लोखंडी सळईला घट्ट बांधलं. ही गिरणीतली आमची पंचायत, म्हणाले, ही खोटं बोलत नाही.

आम्ही धुरपदाबाईंच्या घरी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. सुंद्राला आदल्या दिवशीच बैलगाडीनं तपासणीला नेलं होतं. जमादार होते, अंबादासराव होते, बब्रुवान होता, आणि दारात निम्मी आळी. वीरप्पांनी पायांखाली लाकडी पाट घेतला, हात कोरडे पुसले. सळई अंगणातल्या मोरीच्या ओल्या मातीत ठोकली. मग मला म्हणाले, बटण बघा, बंद आहे? मी बघितलं. जमादारांनाही बघायला लावलं. बंद होतं. ओसरीवरचा दिवा विझलेला होता.

वीरप्पांनी दुसऱ्या तारेचं टोक, लाकडी मुठीत धरून, माजघरातल्या रिकाम्या होल्डरमध्ये टेकवलं.

त्यांच्या हातातला दिवा लख्ख पेटला.

जमादारांनी चहाचा कप खाली ठेवला. बटण बंद होतं, आणि होल्डरमध्ये माणूस मारायला पुरेल इतकी वीज होती. मी अंबादासरावांकडं बघितलं. त्यांच्या कपाळावर पौषातल्या थंडीत घाम आला होता, आणि ते बटणाकडं नव्हे, दाराबाहेर चौकाकडं बघत होते.

५

त्या एका नजरेनं मला रस्ता दाखवला. अंबादासराव मात्र लगेच सावरले. घरमालकानं मागाहून कुणाकडून तरी वायरिंगमध्ये ढवळाढवळ करून घेतली असणार, असं म्हणायला लागले. काल याच तोंडानं वायरिंग नियमाप्रमाणं आहे असं सांगत होते. मी त्यांना तेच ऐकवलं. लाल तार बटणातच आहे ना साहेब? आहे. मग घरातलं वायरिंग बरोबर आहे. म्हणजे घरात येतानाच वीज चुकीच्या तारेवरून येते आहे. मग हे एकट्या याच घरात असेल का?

वीरप्पांची सळई आणि दिवा घेऊन आम्ही शेजारच्या घरात गेलो. बटण बंद, दिवा पेटला. त्याच्या शेजारी, पेटला. शिंप्याच्या दुकानात, पेटला. शिंपी म्हणाला, हल्ली बंद दिव्याला हात लागला तरी झिणझिण्या येतात, मला वाटलं देवाला भंडारा उधळायचा राहिला म्हणून. मग आम्ही चौक ओलांडून देवळाच्या बाजूच्या पहिल्या घरात गेलो. बटण बंद केलं. दिवा पेटला नाही. त्याच्या पुढच्या घरातही नाही. चौकाच्या पलीकडं सगळं बरोबर, चौकाच्या अलीकडं सगळं उलटं.

आता मी मोठ्यानं बोलायला लागले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. दिवाळीत सुंद्रानं हाच दिवा पुसला आणि ती जगली. पौषात पुसला आणि मेली. मध्ये गावात विजेच्या तारांना हात लागला तो एकाच दिवशी. चंपाषष्ठीला. चौकातल्या दोन तारा काठीसाठी सोडल्या आणि परत बांधल्या. बांधताना ही तिच्या जागी आणि ती हिच्या जागी गेली. दिवे लागले, लोक खूश झाले, आणि त्या दिवसापासून चौकाच्या अलीकडचं प्रत्येक बंद बटण खोटं बोलायला लागलं. तीस घरं. तीस घरांतल्या बायका बटण बंद करून, माझा शब्द पाळून, निर्धास्त हात लावणार होत्या.

आम्ही चौकातल्या खांबाखाली आलो. जमादारही आले, वही काढून. वीरप्पांची नजर अधू, म्हणून वर काय दिसतं ते मी सांगायचं असं ठरलं. पलीकडच्या खांबावर मागच्या सालचे जोड होते, ते मी आधी सांगितले. लाईनमन रामकिसनचे, आवळून, टोक दाबून बसवलेले. मग अलीकडचे बघितले.

"हे जोड वेगळे आहेत," मी म्हणाले. "डावीकडून वळवलेत. वेढे आहेत, एक, दोन, तीन… सात. आणि तारेचं शेपूट वर खोच—"

तिथं माझी जीभ थांबली. पण उशीर झाला होता. बब्रुवान माझ्या मागंच उभा होता. त्यानं मान वर केली आणि किती तरी वेळ बघत राहिला.

"ती गाठ माझी हाय," तो म्हणाला.

६

अंबादासरावांनी एका क्षणात त्याच्याकडं बोट केलं. कबुली, म्हणाले, जमादार, कबुली लिहून घ्या. या माणसानं सरकारी खांबावर चढून तारांशी छेडछाड केली. जमादारांनी पेन्सिल जिभेला लावलीसुद्धा. मी ती वही त्यांच्या हातातून खेचून घेतली. सरकारी वही खेचणं हा गुन्हा असेल तर तो मी केला, आणि पुन्हा करीन. कालपासून या माणसांना बेडी घालायला फक्त कुणाचं तरी मनगट हवं होतं. विधवेचं चालत होतं, तिचं सुटलं तर ज्याची बायको मेली त्याचं चालत होतं. आपलं स्वतःचं सोडून कुणाचंही.

मी बब्रुवानला विचारलं, तू खांबावर का चढलास. तो अजून वरच बघत होता. त्यानं सांगितलं ते असं. सकाळी रामकिसननं तारा सोडल्या आणि लगोलग साहेबांनी त्याला जळकोटला कुणाच्या तरी पिठाच्या गिरणीची मोटार बसवायला धाडलं. काठी देवळात गेली, दिवस कलला, रामकिसन परतला नाही. देव अंधारात बसणार म्हणून माणसं साहेबांकडं गेली. साहेब पाटलांकडं पुरणपोळीच्या पंगतीला बसले होते.

"म्हनले, तू काठीवर चढतोस की, खांबावर चढाया काय व्हतंय. पकड दिली हातात. म्या इचारलं, सायेब, कुठली तार कुठं? म्हनले, दोनच तारा हायती, कशीबी बांध. दिवा लागल्याशी मतलब."

मग त्यानं आपले हात बघितले. दोन्ही हात, उलटसुलट करून.

मी जमादारांना म्हणाले, अंबादासरावांची वही मागा. चंपाषष्ठीचं पान काल त्यांनी आपणहून दाखवलं होतं. गावातली लाईन तपासली, ठीक. वीरप्पांच्या त्या गरीब सळई-दिव्यानं ही तपासणी दहा मिनिटांत होते, हे सगळ्यांनी आत्ता बघितलं. यांनी पंगतीतून उठून दहा मिनिटं दिली असती तर सुंद्रा आज काज-बटणं करत बसली असती. तपासली म्हणे. काय तपासलं? पुरण?

बाबूराव जमादार वाईट माणूस नव्हते, आळशी होते. त्यांनी एकदा खांबाकडं बघितलं, एकदा वहीच्या सहीकडं, आणि शिपायाला सांगितलं की चावडीवर जाऊन त्या बाईला सोड. गावाची वीज तिथल्या तिथं बंद करायला लावली. रामकिसन आला, तारा सरळ झाल्या, वीरप्पांनी तीसही घरांत सळई ठोकून खात्री करून घेतली. अकराची एस्टी मथुराबाईला न घेता गेली.

बब्रुवान चावडीच्या दारात जाऊन उभा राहिला. मथुराबाईनं पदर सारखा केला. चल घरी, म्हणाली, आत्याबाई कालपासून उपाशी असतील.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती सांगत बसले नसते. दोन महिन्यांनी कचेरीचा कागद आला. अंबादासरावांची बदली झाली होती, चांगल्या गावी. आणि मृत्यूचं कारण या रकान्यात टाईप केलेलं होतं: मयताचा निष्काळजीपणा. खाली चौकातल्या तपासणीची पंच म्हणून माझी सही हवी होती.

मंगळवार होता, वर्ग भरलेला होता. त्या दिवशी मी बायकांना नवं शिकवत होते. आधी मेनचा खटका पाडा, मग हात लावा. आणि तरी हात कोरडा, पायाखाली पाट. बटणावर विश्वास ठेवू नका, कारण बटणाच्या मागं कोण उभा आहे ते तुम्हाला दिसत नाही. मी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. मशीनवर मथुराबाई होती. तिचा पाय थांबला.

मी पेन काढलं, तो रकाना आडवा छेदला आणि वर लिहिलं: बटण बंद होतं. खाली माझी सही केली. मथुराबाईनं अंगठा पुढं केला. तिच्यानंतर बानूबाई आली, बोट शाईत बुडवून म्हणाली की आता इचारलं व्हय, आणि कागदावर असा दाबून उठवला की मागं उमटला. एकेक करून बाराजणींचे अंगठे झाले. धुरपदाबाई चुलीपासून उठून आल्या आणि कुठं उठवू म्हणाल्या. मी त्यांना मथुराबाईच्या शेजारची जागा दाखवली.

बब्रुवान ओसरीवर बसून ऐकत होता. त्या साली त्यानं काठी दुसऱ्या घराला देऊन टाकली होती. तो आत आला आणि माझ्यापुढं उकिडवा बसला.

"त्यातच लिवा, बाई," तो म्हणाला. "गाठ म्या बांधली, त्ये लिवा. आनी पकड कुनी दिली, त्येबी लिवा."

मी दोन्ही लिहिलं. त्यानं अंगठा उठवला, आणि कागद मी त्याच दिवशी अणदूरच्या पोस्टातून रजिस्टरनं परत पाठवला.